मेंढ्या, आई आणि माझ्या पोटातली लेक

मोहोळच्या एसटी स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघत आम्ही तिघं उभे होतो. आबांनी त्या दिवशी मेंढरं चुलत्याकडं सोपवली होती. हातात काठी नाही, खांद्यावर घोंगडी नाही, त्यामुळं हात कुठं ठेवावेत हेच त्यांना कळत नव्हतं. माझ्या नव्या सुटकेसची चाकं ते पुन्हा पुन्हा फिरवून बघत होते. आई पिशवीत शेंगाचटणीची आणखी एक पुडी कोंबत होती.

"आई, विमानात सामानाचं वजन करतात गं."

"चटणीला कसलं आलंय वजन?" असं म्हणून तिनं पिशवीची गाठ मारलीसुद्धा.

गाडी लागली तेव्हा आबांनी एकच विचारलं, "तितं मेंढरं हायती न्हवं?"

"हायती की. लई हायती."

"मग कशाचं भ्या न्हाय," आबा म्हणाले आणि कंडक्टरच्या आधी त्यांनीच गाडीचं दार लावलं.

आमचं घर धनगराचं. मी घरातली पहिली शिकलेली, जनावरांची डॉक्टर झालेली पोर. स्कॉटलंडमधल्या एका संशोधन संस्थेत मला मेंढ्यांवरच काम मिळालं, हे कळल्यावर गावात बरेच दिवस हसणं चाललं होतं. मेंढरामागं जायला एवढ्या लांब कशाला जायचं, घरची काय थोडी होती, असं पारावर बसलेल्या माणसांचं म्हणणं.

तिथल्या मेंढ्या पहिल्यांदा बघितल्या आणि मी थबकले. मी जन्मात जाड मेंढी बघितली नव्हती. आमच्याकडं मेंढी म्हणजे चालणारं जनावर. पाऊस संपला की आमचा कळप चाऱ्यामागं निघायचा आणि मैलोन्‌मैल तुडवून परत यायचा. इथल्या मेंढ्या मात्र खुराकाच्या गव्हाणीपुढं उभ्या, पाठ टेबलासारखी सपाट आणि रुंद. त्यांना मुद्दाम तसं केलेलं होतं. गाभण राहण्याच्या आधीपासून त्यांना भरपूर खायला घालायचं आणि पुढं त्यांच्या कोकरांमध्ये काय फरक पडतो ते बघायचं, हेच आमचं काम.

हे काम मी घरी फोनवर कसं सांगायचे ते इथंही सांगते. प्रत्येक जीवाच्या पेशीत जनुकं असतात, ती आईबापाकडून जशी आली तशीच राहतात. पण कुठल्या जनुकानं कधी काम करायचं आणि कुठल्यानं गप्प बसायचं, हे ठरवणाऱ्या बारीक रासायनिक खुणा त्यांच्यावर असतात. बाळ पोटात घडत असतं तेव्हा यातल्या बऱ्याच खुणा पडतात. आईच्या रक्तात साखर आणि चरबी सतत जास्त असेल, तर त्यातल्या काही खुणा वेगळ्या पडू शकतात. भूक किती लागावी, चरबी किती साठवावी, साखर कशी वापरावी, या कामांच्या जनुकांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. कोकरू दिसायला ठणठणीत असतं. फरक आत असतो, आणि तो कधी कधी मोठेपणी दिसतो.

आबा हे सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं, जेवलीस का?"

जेवत होते. फार जेवत होते. तुमच्यातले जे कुणी गाव सोडून लांब गेलात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. हिवाळ्यात दुपारी तीनला अंधारून येतं, खोलीवर बोलायला कुणी नसतं, आणि दुकानात बिस्किटांचे पुडे भाजीपेक्षा स्वस्त असतात. दिवसभर मायक्रोस्कोप आणि कॉम्प्युटरपुढं बसायचं, बसनं घरी यायचं आणि हीटरशेजारी बसून चिप्स खायच्या. महेशशी लग्न झाल्यावर खाण्याला सोबत मिळाली, एवढाच फरक. महेश सोलापूरचाच, नवी पेठेतल्या कापडाच्या दुकानदाराचा मुलगा, सॉफ्टवेअरमधला. दोघं मिळून आम्ही गावाकडची आठवण काढायचो आणि ती आठवण बहुतेक वेळा तळलेली असायची. गावातली काडीसारखी सविता, म्हणजे मी, फोटोतच राहिली.

मग मला दिवस गेले. पहिल्याच तपासणीत तिथल्या मिडवाइफनं, म्हणजे सुईणबाईनं, माझं वजन केलं, उंची मोजली आणि कागदावर एका रकान्यात खूण केली. रकान्यावर लिहिलं होतं, ओबीज, म्हणजे लठ्ठ. बाई बोलायला फार मायाळू होती. पण मी रोज ज्या मेंढ्यांच्या नावापुढं हाच शब्द टाइप करायचे, त्यांच्याच रांगेत आता मी उभी होते. पुढं साखरेची तपासणी झाली आणि गरोदरपणातला मधुमेह निघाला.

इतर बायका घाबरतात त्या काय होईल हे माहीत नसतं म्हणून. मला माहीत होतं, म्हणजे निदान माहीत आहे असं वाटत होतं. स्क्रीनवर कोकरांचे आलेख बघताना मला माझं बाळ दिसायचं. महेश म्हणायचा, "सविता, ती मेंढी आहे, तू माणूस आहेस." मी म्हणायचे, "म्हणूनच तर मेंढीवर करतात ना!" शेवटी त्यानंच आईचं तिकीट काढलं.

आई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून आली ती डिंकाचे लाडू, तूप आणि खारका घेऊन. मला बघून तिचा चेहरा उजळला. "आता कशी भरल्यावानी दिसतीस," ती म्हणाली. मी लाडवाचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी तिनं तो खाली काढला, मी परत वर ठेवला. असं काही दिवस चाललं. एका सकाळी तिनं माझ्या ताटातल्या भाकरीवर तुपाची धार सोडली आणि मी ताट सरकवलं.

"लेकीला खायाला घालायचं न्हाय, तर मी हितं आली कशाला?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण तुपाची वाटी तिनं परत ओट्यावर ठेवली. "सांग की. बसून भिंती बघाय आली व्हय?"

मला तोंडानं समजावता येईना. म्हणून शनिवारी तिला आमच्या फार्मवर घेऊन गेले. बाहेरच्या माणसाला तिथं निळा अंगरखा आणि रबरी बूट घालावे लागतात. आईनं साडी गुडघ्यापर्यंत खोचली, वरून अंगरखा चढवला आणि बूट घालून अशी चालली की जणू ते तिचेच होते. त्या सपाट पाठीच्या मेंढ्या बघून ती उभीच राहिली.

"ह्यास्नी कुणी चालवत न्हाय व्हय?"

मी सगळं सांगितलं. जास्तीचा खुराक, कोकरांवरच्या खुणा, माझी साखर, लाडू का नको. ती एकेका मेंढीकडं बघत ऐकत होती. परतताना बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसली. मग म्हणाली, "सवे, पोटात आस्ताना आईनं जास्त खाल्लं तर लेकराला लागतंय. आन् कमी खाल्लं तर?"

"त्याचंही काही ना काही होतं, असं दिसतं."

"तू पोटात व्हतीस त्या साली पाऊस न्हवता. मी मेंढरामागं चालायची. कवा हुलग्याचं माडगं मिळायचं, कवा नुसतं पाणी." तिनं वळून माझ्याकडं बघितलं. "म्हंजी तुझं हे आसं माझ्यामुळं व्हय गं?"

तसं शास्त्रज्ञांचं एक म्हणणं खरंच आहे. पोटातल्या बाळाला बाहेरचं जग कसं असेल याचा अंदाज आईच्या अंगातून मिळत असावा आणि त्याचं शरीर त्या तयारीनं बाहेर येत असावं. मी दुष्काळाच्या तयारीनं जन्मले आणि मोठी होऊन बिस्किटांच्या देशात येऊन पडले. पण आईच्या तोंडून तो प्रश्न ऐकला तेव्हा मला त्यातला आरोप दिसला, आणि तो किती चुकीचा आहे हेही दिसलं.

"आई, पाऊस तू अडवला होतास का? अन्न तू लपवलं होतंस का?" मी म्हणाले. "तुला जे मिळालं त्यात तू मला जगवलंस. या खुणा म्हणजे काही कपाळावरची रेघ नाही. काही राहतात, काही बदलतात, पुढचं खाणंपिणं, चालणंफिरणं, सगळ्याचा हात असतो त्यात. एकट्या आईवर ढकलायचं नसतं हे."

हे मी आईला सांगत होते आणि ऐकत मीच होते. इतके महिने स्वतःला एकदाही असं काही म्हणाले नव्हते.

आईनं नाक पुसलं. मग विचारलं, "आन् बापाचं काय न्हाय व्हय त्यात?"

"आहे की. त्याचाही अभ्यास चाललाय."

"मग आबाला सांग फोनवर," आई म्हणाली, आणि आम्ही दोघी अशा हसलो की पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्या बाईनं वळून बघितलं आणि तीही हसली.

दुसऱ्या दिवसापासून आईनं मला चालवायला सुरुवात केली. डोक्याला मफलर, साडीवर महेशचं जाकीट, पायात बूट. घरामागं एक टेकडी होती. इतकी वर्षं मी ती खिडकीतूनच बघितली होती. आई पुढं, मी मागं. मी धापा टाकत थांबले की ती थांबायची, गवत उपटून बघायची आणि म्हणायची, "हितं आपली मेंढरं आस्ती तर!" भारतीय दुकानातून ज्वारीचं पीठ आणलं. आहारतज्ज्ञ बाईनं जेवणाचं जे वेळापत्रक दिलं होतं, त्यात आईनं तिची भाकरी, मेथी आणि हुलगे बसवले. लाडू महेशनं ऑफिसात वाटले. तरीही साखर पुरती आवरेना, तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. मी रडले. आई म्हणाली, "आवषध हाय, घ्यायचं. त्यात काय लाजायचं?"

लेक झाली. अंगानं जरा भारी, पण ठणठणीत. तिच्या आत कुठल्या खुणा आहेत ते मी तपासलेलं नाही, आणि तपासणारही नाही. नाव ठेवलं इरा. आता ती बालवाडीत जाते, मटार खाते, वांगं थुंकते आणि चालायला नको म्हणून रस्त्यात बसते. माझं वजन थोडं उतरलं, थोडं परत चढलं. आम्ही टेकडीवर जातो. मी अजून त्याच मेंढ्यांवर काम करते, पण अहवालात आयांबद्दलचं वाक्य आलं की दोनदा वाचते. ते कुणाच्या तरी आईच्या कानावर जाणार असतं.

गेल्या उन्हाळ्यात इराला घेऊन गावी गेलो. तिनं कोकरांच्या मागं धावून गुडघे फोडून घेतले, आबांच्या मांडीवर बसून आंबे खाल्ले. आठवडाभरानं, सगळे जेवायला बसलेलो असताना, ती एकदम म्हणाली, "आई, आता घरी जाऊया ना."

माझा घास हातातच राहिला. आबांना काय वाटेल असं झालं. पण ते तिच्याकडं बघून हसले. "जायाचं की. तिचं घर तितं हाय." मग माझ्याकडं वळले. "आन् तुझं गं, सवे?"

"माझं बी तितंच हाय आता, आबा." बोलून गेले आणि जीव धसकला.

आबांनी आईकडं बघितलं. आईनं पदरानं हात पुसले. "बरं झालं बाई," ती म्हणाली. "आमी दोगं कवापासनं काळजी करतुया, पोरगी तितं आजून पाव्हणीच हाय म्हणून."

तिनं माझ्या ताटात अर्धी भाकरी वाढली. इतकी वर्षं मी सुट्टीला घरी येत होते. त्या दुपारी पहिल्यांदा माहेरी जेवले.