उन्हावरचा स्टिरिओ

रत्नागिरीत, वैशाखात, भर दुपारी, उघड्या खळ्यात मला ऊन कमी पडलं.

हे मी आजवर बऱ्याच जणांना सांगून पाहिलं आहे. ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो, मग वर आकाशाकडे बघतो आणि मग विषय बदलतो. म्हणून एकदा नीट लिहूनच काढते.

त्या वर्षी मी बारावीची परीक्षा दिली होती आणि मला मुंबईला इलेक्ट्रॉनिक्स शिकायला जायचं होतं. आता आमच्या घरात कोणी कुठे जायचं हे अण्णा ठरवतात. अण्णा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांच्याशी मी तोपर्यंत जे काही बोलले होते ते 'हो' आणि 'नाही' या दोन शब्दांत मावत होतं, आणि त्यातही 'नाही' फारसं नव्हतं. त्यामुळे जेवताना विषय बाबांनी काढला. मी ताटातल्या मिठाकडे बघत बसले.

"मुंबईत जाऊन काय करणार ती?" अण्णा म्हणाले. "शेजारी साखर मागायला पाठवली तर रिकामी वाटी घेऊन परत येते."

(हे खरं होतं. साखर मागायची म्हणजे बोलावं लागतं!)

"पण अण्णा, हुशार आहे ती. इंग्रजी शाळेत…"

"इंग्रजी शाळेत गेली म्हणून तर मराठीतसुद्धा बोलायची बंद झाली! काय येतं तिला? बाय, काय येतं गो तुला?"

"मी… स्टिरिओ बनवू शकते," मी मिठाला म्हणाले.

मीठ गप्प राहिलं. अण्णा राहिले नाहीत.

"कसला?"

"उन्हावर चालणारा."

माझ्या तोंडून हे का निघालं त्याचं कारण माळ्यावर होतं. मस्कतचा मामा दिवाळीत आला तेव्हा सगळ्यांना अत्तरं, साड्या, टॉर्च असं काहीबाही आणलं होतं, आणि मला आणली होती एक काळी-निळी काच, चांगली परातीएवढी मोठी, अॅल्युमिनियमच्या चौकटीत बसवलेली. उन्हात ठेवली की वीज देते म्हणे! सोबत एक इंग्रजी पुस्तिका होती आणि घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच, एवढ्यावर ती माझी ठरली. बाकीच्या मुलींना मामा बांगड्या आणतात.

अण्णांनी हात धुतले, मिशा पुसल्या आणि निकाल दिला. "वैशाखात माझी साठीशांत आहे. संध्याकाळी ओवाळताना लाईट जाणार ती जाणारच. तेव्हा तुझ्या त्या यंत्रावर सनई वाजव. तारेवरच्या विजेला हात लावायचा नाय, उन्हावरच वाजली पाहिजे. वाजली तर मुंबई."

"आणि नाही वाजली तर?" बाबांनी विचारलं.

"तर देवरुखच्या आत्याकडे. शिवण शिकेल. तिथे फारसं बोलावं लागत नाय."

झालं! मी कामाला लागले. टेप मिळाला चुलत मामेभावाच्या मोडीत निघालेल्या टॅक्सीतला. गडग्यापलीकडच्या तात्यांनी आपल्या जीपची जुनी बॅटरी दिली. (तात्या आमचे शेजारी. जन्मात कुठली वस्तू नाही म्हणाले नाहीत, आणि दिलेल्या वस्तूबद्दल जन्मात गप्प बसले नाहीत.) स्पीकर दोन मिळाले, पण त्यांना खोकी हवीत. आमच्याकडे वैशाखात खोकी म्हणजे आंब्याच्या पेट्या! त्यांच्या फळ्यांमधल्या फटींतून आवाज पळू नये म्हणून मी आत भाताचा पेंढा भरला. पेढीचा शिक्का तसाच राहिला, त्यामुळे स्टिरिओच्या दोन्ही बाजूंना 'नाजूक माल, सांभाळून हाताळा' असं लिहिलेलं होतं.

पुस्तिकेत म्हटलं होतं की यंत्र कुठेही नेता येईल असं असावं. माझ्या डोळ्यांसमोर आरे-वाऱ्याचा समुद्र होता, वाळूत बसलेली मी, आणि शेजारी हळू आवाजात गाणी. प्रत्यक्षात सगळं एका पाटावर बांधल्यावर तो पाट मला जमिनीवरून चार बोटंसुद्धा उचलेना. शेवटी बाबांनी त्याला दोर बांधले, दोरांतून बांबू घातला, आणि एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला तात्या, अशी रोज सकाळी ओटीवरून खळ्यात आणि संध्याकाळी खळ्यातून ओटीवर मिरवणूक सुरू झाली.

"शिमगा संपून किती दिवस झाले," तात्या म्हणत, "आणि तुमची पालखी अजून नाचतेय!"

"उचला हो तात्या, बोलू नका."

"उचलतो. पण नारळ कोण देणार? आणि गाऱ्हाणं काय घालू?"

"मुंबई," बाबा धापा टाकत म्हणत. मी खांबामागे उभी असे.

आता खळ्याबद्दल सांगायला हवं. घरासमोरचं हे सारवलेलं अंगण वैशाखात आमचं राहत नाही, काकींचं होतं. काकी म्हणजे अण्णांची बायको. आमसुलं कुठे, फणसाचे पापड कुठे, कुळीथ कुठे, मिरच्या कुठे, हे सगळं त्यांच्या डोक्यात ठरलेलं असतं, आणि त्यात पाहुण्याला जागा नसते. माझ्या काचेला पहिल्या दिवशी फणसाखाली जागा मिळाली. सावलीत!

"काकी, हिला ऊन लागतं."

"सगळ्यांनाच लागतं गो."

बऱ्याच विनवण्यांनंतर (म्हणजे मी आईला सांगितलं, आईने काकींना सांगितलं, काकींनी मला सांगितलं) आमसुलं आणि मिरच्या यांच्यामध्ये काच बसली. दोन दिवसांनी मी बॅटरीला जीपचा एक बल्ब लावून पाहिला. काजवा बरा! मी तारा तपासल्या, सगळे जोड पुन्हा केले, पुस्तिका उलटीसुलटी वाचली. तिसऱ्या दिवशी दुपारी सहज खळ्यात डोकावले, तर काच नाहीशी झालेली. तिच्या जागी होता एक पिवळाधमक, चकचकीत चौकोन.

"काकी! हे काय?"

"आंबापोळी."

"ह्याच्यावर?"

"अगो, काय सुंदर काच आहे! ताटात घातली की दोन दिवस लागतात. हिच्यावर सकाळी रस पसरला की संध्याकाळी पोळी सुटते. तुझ्या मामानं पहिल्यांदा काहीतरी कामाचं आणलंन."

"पण काकी, काचेला ऊन लागायला हवं!"

"लागतंय की. पोळी वाळतेय म्हणजे लागतंय ना?"

"ते पोळीला लागतंय!"

"मग तू खालनं घे, मी वरनं घेते. ऊन काय संपतंय गो?"

माझ्याकडे याचं संपूर्ण शास्त्रीय उत्तर तयार होतं, आकृतीसकट. पण ते इंग्रजीत होतं. मी तोंड उघडलं, मिटलं आणि ओला फडका आणायला गेले.

काच पुसली तरी आंब्याचा वास जाईना. मग आले कावळे. कावळा काचेवर उतरतो, चोच मारून बघतो, आणि निराश झाला की जे करून जातो ते पुसायला आणखी एक फडका लागतो. तेव्हा मी ठरवलं, आता आपण स्वतःच राखण करायची. वाळवण राखायला आमच्याकडे कोणी ना कोणी बसतंच, मी काच राखायला बसले. हातात काठी, मांडीवर इलेक्ट्रॉनिक्सचं जाडजूड पुस्तक, आणि डोक्यावर अण्णांची ती प्रसिद्ध काळी छत्री, जिच्याखाली पावसात एक लहानसं कुटुंब मावतं. कावळे फार धीट, म्हणून मी काचेला अगदी खेटून बसत असे. ऊन सरकलं की मीही सरकायची. साठीशांतीपर्यंतचा एकेक दिवस मी असा काढला. कावळ्याची बिशाद नव्हती!

बल्ब तरी मिणमिणतच राहिला. मी म्हटलं, बल्ब जुना असेल.

"गॅरेजमध्ये नेऊन रात्रभर लावू या काय बॅटरी?" तात्यांनी हळूच विचारलं. "अण्णांना कोण सांगतंय?"

मी मान हलवली. नाही म्हणजे नाही. अट ती अट. (शिवाय चोरी करायची तर तात्यांना सोबतीला घेऊन करू नये, एवढं इंग्रजी शाळेतल्या मुलीलाही कळतं.)

आदल्या दिवशी आणखी एक घोटाळा झाला. आमची मांजर पिल्लांना घेऊन बिऱ्हाडं बदलत हिंडत होती. तिला डाव्या स्पीकरमधला पेंढा पसंत पडला. मी पेटीत हात घातला तर तिने फिस्स केलं.

"राहू दे गो," काकींनी हुकूम काढला. "बाळंतीण आहे. सनईनं काय बहिरी होत नाय."

साठीशांतीचा दिवस उजाडला. सकाळी होम झाला, पंगती उठल्या आणि तिन्हीसांजेला सगळे खळ्यातल्या मांडवात जमले. चिपळूणपासून मंडणगडपर्यंतचे पाहुणे. अण्णा पाटावर, अंगावर नवी शाल. काकींच्या हातात कणकेच्या साठ दिव्यांचं ताट. आणि लाईट ठरल्याप्रमाणे गेली! आमची लाईट बाकी कशाला नसली तरी वेळेला पक्की.

"हं," अंधारातून अण्णांचा आवाज आला. "बाय, होऊन जाऊ दे."

मी बटण दाबलं.

आणि सनई वाजली! काय वाजली! मांडवभर सूर पसरले, कोणीतरी "वा!" म्हणालं, बाबांनी डोळे पुसले. साठ दिव्यांच्या उजेडात अण्णांच्या मिशीचं एक टोक वर जाताना मी स्वतः पाहिलं. मनातल्या मनात मी मुंबईच्या गाडीत खिडकीशी बसले.

मग सनईला पेंग येऊ लागली. सूर खाली उतरला. आणखी खाली उतरला. सनईची म्हैस झाली. म्हैस आजारी पडली. तिने एक लांबलचक, जड, शेवटचा हंबरडा फोडला आणि मांडवात शांतता झाली.

त्या शांततेत डाव्या स्पीकरमधून स्वच्छ आवाज आला, "म्याव."

"डावी बाजू चालू आहे हो!" तात्या ओरडले.

मांडव हसून कोसळायचा तेवढा राहिला. अण्णा हसले नाहीत. "काय झालं?"

"बॅटरी… भरली नाही."

"का नाय भरली?"

"ऊन कमी पडलं."

हे ऐकल्यावर चिपळूण हसलं, मंडणगड हसलं, ताटातले दिवे हसून हलले. एक म्हातारे पाहुणे पंच्याने वारा घेत होते, ते पंचा खाली ठेवून हसले. मला देवरुखच्या आत्याचं शिवणयंत्र दिसू लागलं.

तेव्हा काकी खवळल्या. "हसताय काय मेल्यांनो! पोर रोज त्या काचेजवळ बसलीय. कावळा उतरू दिला नायन! जेवायलासुद्धा उठत नव्हती. ह्यांची ती मोठी छत्री घेऊन काचेला नुसती चिकटून…"

छत्री.

त्या काचेतले तुकडे साखळीसारखे एकमेकांना जोडलेले असतात. त्यातल्या थोड्यांवर सावली पडली तरी बाकीचेही थंडावतात. हे मला पाठ होतं. मांडीवरच्या पुस्तकात ते चौकटीत छापलेलं होतं. ते मी छत्रीखाली बसून, अधोरेखित केलं होतं!

गप्प बसता आलं असतं. त्या मांडवात ही गोष्ट कळणारी मी एकटीच होते, आणि गप्प बसणं हाच तर माझा विषय. पण तोंडाने ऐकलं नाही.

"सावली माझीच पडत होती!" मी एवढ्या मोठ्याने म्हणाले की मांजर पेटीतून बाहेर आली. "काकींच्या पोळीनं दोन दिवस गेले, कावळ्यांनी अर्धा दिवस, आणि बाकी सगळं ऊन मी अडवलं. अण्णा, काच चांगली आहे. बॅटरी चांगली आहे. तारांचे जोड मी केलेत, तेही चांगले आहेत. फक्त मी तिथे नको होते. मी नसते तर सनई रात्रभर वाजली असती!"

माझं हे आयुष्यातलं पहिलं भाषण. काकींनी दिव्यांचं ताट तसंच धरून ठेवलेलं.

मग अण्णांच्या शालीखाली काहीतरी हलू लागलं. आधी मला वाटलं त्यांना ठसका लागलाय. ते हसत होते. हसता हसता त्यांच्या फुंकरीने पुढच्या रांगेतले दिवे विझले, ते काकींना पुन्हा लावावे लागले.

"बाळ्या," ते बाबांना म्हणाले, "हिला मुंबईला धाड."

"पण अण्णा, सनई तर…"

"म्हणून तर! रत्नागिरीच्या वैशाखात जी ऊन अडवून बसते, तिला शिक्षणाची गरज या घरात सगळ्यांत जास्त आहे." मग डोळे पुसत म्हणाले, "आणि बोलते की! साखर मागण्यापुरतं होईल आता."

बायकांनी तोंडाने गाणी म्हटली, ओवाळणं झालं, आणि मांजरीने पिल्लं उचलून तात्यांच्या जीपमध्ये नवीन बिऱ्हाड केलं.

मी मुंबईला आले. वसतिगृहात माझ्या खोलीच्या खिडकीसमोर भिंत आहे, त्यामुळे ऊन अडवायची सोयच नाही. काच घरीच राहिली, काकींच्या ताब्यात. दर पावसाळ्याच्या तोंडाशी घरून डबा येतो आणि मैत्रिणी विचारतात, इतकी पातळ, इतकी सारखी आंबापोळी तुमच्याकडे करतात तरी कशी? मी सांगते, सोलर आहे. उन्हावर चालणारा माझा एवढा एकच प्रयोग आजवर यशस्वी झालाय, आणि त्यात माझं योगदान म्हणाल तर मी उन्हातून बाजूला झाले.