खालीबाबू

कचेरीत माझं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. शिपायापासून शिरस्तेदारापर्यंत सगळे मला खालीबाबू म्हणत, आणि ही पदवी मी स्वतःच्या चुकीनं कमावली. लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. उलट मिरवतो.

आमच्या प्रांताच्या कारभाराच्या भाषा दोन, मराठी आणि हिंदी. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या महसुली कचेरीत मी तर्जुम्याच्या, म्हणजे भाषांतराच्या, कामावर लागलो, तेव्हा मिसरूड नुकतं फुटलं होतं. महाल वस्तीत आमच्या घरी मराठी, भिंतीपलीकडे हिंदी, त्यामुळे दोन्ही भाषा आपल्या खिशात आहेत असा माझा तोरा. माझ्या टेबलावर येत ती सौंसरकडची प्रकरणं. तिकडची माणसं बोलत मराठी, पण त्यांचा जिल्हा हिंदीतला. म्हणून बयान मराठीत ऐकायचं आणि फायलीत हिंदीत उतरवायचं. माझ्या वर जबलपूरकडचे एक पंडितजी होते. त्यांना मराठी येत नव्हती आणि माझी हिंदी आवडत नव्हती.

एकदा तिकडून एक वयस्क बाई आली, एकटीच. तिच्या गावच्या मालगुजाराचा, म्हणजे जमीनदाराचा, दावा होता की हिनं वावर टाकून दिलं आहे, पावसाळाभर उघडं पडलेलं असतं, तेव्हा ते काढून आपल्याला द्यावं. खालच्या कचेरीनं त्याचं ऐकलं होतं. नागपूर हा तिचा शेवटचा दरवाजा. पावसाळ्यात वावरात काही काहून नाही पेरलं, असं मी विचारलं, तर ती म्हणाली, "माह्यं वावर खाली आहे." एवढं बोलून तिनं अंगठा पुढे केला, जणू यात आणखी सांगण्यासारखं काही नव्हतंच.

मी लिहिलं, 'खेत खाली है.' तिचा शब्द जसाच्या तसा बसला, काना-वेलांटीही हलवावी लागली नाही. असं सोपं काम रोज मिळो, असं मनात म्हणालो, तिचा अंगठा घेतला आणि डबा खायला गेलो.

सुनावणीच्या दिवशी निकाल देणाऱ्या साहेबानं तो कागद वाचला. हिंदीत खेत खाली, म्हणजे रिकामं. बाई स्वतःच कबूल करते आहे, तर वाद कसला? मालगुजाराचा वकील आपले कागद गोळा करू लागला. रीत म्हणून साहेबानं मला तिला एकदा विचारून घ्यायला सांगितलं. मी विचारलं. हो, खालीच आहे, असं म्हणताना तिनं आपला हात खांद्यापासून तिरका उतरवत गुडघ्यापर्यंत नेला.

तो हात खाली गेलेला मी पाहिला. घाईघाईनं आणखी दोन प्रश्न विचारले, तेव्हा सगळं कळलं. तिचं वावर रिकामं नव्हतं, उताराच्या तळाशी होतं. वर मालगुजाराचं वावर, आणि त्याचं सगळं पाणी येऊन साचायचं ते हिच्यात. पाणी ओसरलं की ती हरभरा पेरायची, दरवर्षी. हे तिला कुणी विचारलंच नव्हतं, आणि मी तर लिहून मोकळा झालो होतो.

माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती. गप्प राहिलो असतो तर कुणाला पत्ता लागला नसता, कागदावर अंगठा तिचाच होता. खरं सांगतो, तसा विचार मनात आलाही. मग म्हणालो, "साहेब, चूक बाईची नाही. माझी आहे."

साहेब भडकला. एका शब्दाचे दोन अर्थ मी समजावू लागलो, तर त्याला वाटलं मी बाईला फितूर झालो. त्यानं पंडितजींकडे पाहिलं. आता हे जुना हिशेब चुकता करणार, असं मी धरून चाललो. पंडितजी उठले, बाईसमोर उभे राहिले आणि आपला हात तिच्यासारखाच तिरका उतरवून दाखवला. तिनं मान डोलावली.

"हुजूर," ते म्हणाले, "इसे हम नीचे कहते हैं."

निकाल थांबला. थंडीत पटवारी जाऊन पाहून आला, वावरात घाटे धरलेला हरभरा उभा होता. तरी तिचं बयान दुरुस्त झाल्याशिवाय प्रकरण मिटेना. तेव्हा पंडितजींनी आणि मी बसून एक नवा कागद आखला, डावीकडे मराठी, उजवीकडे हिंदी, आणि अंगठ्याआधी दोन्ही वाचून दाखवायचं. त्या कागदानं तिचं वावर तिच्याकडे राहिलं. माझी नोकरी पक्की व्हायला वर्ष जास्त लागलं आणि घरी बोलणी खावी लागली, पण पुढे सौंसरकडचं प्रत्येक बयान आमच्या कचेरीत तसंच लिहिलं गेलं. मला याचा गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

पहिला कागद तिचा. डावीकडे 'खाली', उजवीकडे 'नीचे'. मी वाचून दाखवला. तिनं पुन्हा वाचायला लावला. मग उजव्या बाजूवर बोट ठेवून विचारलं, "इकडेबी तेच लिहलं ना गा बाबू?"

तेच आहे माय, मी म्हणालो. तिनं अंगठ्याला शाई लावली, डावी बाजू सोडून दिली आणि उजवीकडे हिंदीखाली दाबून उमटवला. मराठीखाली काहून नाही, असं मी विचारलं.

"ते तं माह्यंच बोलनं आहे," ती म्हणाली. "त्याले अंगठा कायले पायजे?"