मी गाळलेली तपासणी

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. ऑफिसात तर नाहीच नाही. आज सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नाही, तसलं काही होत नसतं. राग आलाय म्हणून सांगतोय. कोणाचा राग? ऐका तर खरं.

परवा ऑफिसात नवीन भरती झालेल्यांना मी शिकवून राहिलो होतो. विषय काय, तर सिस्टम कॉल आणि मेमरीच्या परवानग्या. माझा हातखंडा विषय, म्हणे! एका मुलीनं विचारलं की या परवानग्यांची तपासणी गाळली तर काय होतं. मी फळ्याकडे तोंड करून म्हणालो, काहीही होऊ शकतं. काहीही! अरे, मला नेमकं माहीत आहे काय होतं. एका बाईचं काम जातं. पण तेवढं बोलायला जीभ उचलली पाहिजे ना.

तर — हिंगण्याला एक रंगाचा कारखाना आहे. तिथं एक जुनं मिक्सिंग मशीन होतं, आणि ते चालवणारा त्याहून जुना कॉम्प्युटर. कॉम्प्युटर मरायला टेकलेला, त्याचे पार्ट मिळेनात, आणि त्यातला प्रोग्राम लिहिणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. आमच्याकडे काम आलं की हाच प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चालवून द्या. नव्याचा प्रोसेसर वेगळा, त्याला जुन्याची भाषा कळत नाही. मग मध्ये दुभाष्या ठेवावा लागतो, त्याला आम्ही एम्युलेटर म्हणतो. तो जुन्या सूचना वाचतो, नव्या भाषेत बदलतो आणि ते भाषांतर जवळ ठेवून देतो. पुन्हा तीच सूचना आली की ठेवलेलं भाषांतर काढायचं अन् चालवायचं.

आता यात एक गोम आहे. मूळ सूचना बदलली आणि भाषांतर जुनंच राहिलं तर? म्हणून मेमरीच्या ज्या पानाचं, म्हणजे तुकड्याचं, भाषांतर झालं, त्या पानावर लिहायला एम्युलेटर बंदी घालतो. प्रोग्राम तिथं लिहायला गेला की आपल्याला कळतं. पण कधी कधी प्रोग्राम स्वतः न लिहिता सिस्टम कॉल करतो, म्हणजे कर्नलला, ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याला, सांगतो की डिस्कवरची फाइल वाच आणि या पानावर आणून ठेव. कर्नल बंदी पाहतो आणि एरर देऊन मोकळा होतो. म्हणून कर्नलकडे पाठवायच्या आधी आपण तपासायचं असतं. ही बंदी प्रोग्रामची स्वतःची की आपण घातलेली? आपली असेल तर जुनं भाषांतर फेकायचं आणि मगच पान उघडायचं.

बस. एवढंच. काही फार मोठी विद्या नाही, आणि मला ती येत होती. हे लक्षात ठेवा — मला येत होतं.

डेमो दुसऱ्या दिवशी होता आणि प्रोग्राम रंगाची रेसिपी उघडतानाच अडकून राहिला होता. रेसिपी जिथं यायची त्याच पानावरचं शेजारचं काही आधी चालून गेलेलं, म्हणून पान बंद. मी काय केलं? तपासणी लिहायची गाळली आणि बंदीच उठवून सगळी पानं लिहायला कायमची उघडी करून दिली. रेसिपी उघडली, टाकी फिरली, करडा रंग झक्कास निघाला. मॅनेजरनं पाठीवर थाप मारली. मी नंतर नीट करणार होतो. नंतर! हा शब्द कोणी काढला त्याला शोधून झोडपावंसं वाटतं.

त्या जुन्या प्रोग्रामची एक खोड होती. त्याची रेसिपी म्हणजे नुसते आकडे नव्हते, कोणता वाल्व्ह किती वेळ उघडायचा याच्या सूचनाच होत्या. नवी रेसिपी निवडली की ती त्याच पानावर येऊन बसायची. डेमोत आम्ही एकच रंग बनवला होता. त्यामुळं पुढचं कोणाला दिसलंच नाही.

मशीनवर कल्पनाताई होत्या. ठेकेदाराकडून आलेल्या, पण मशीन त्यांच्याच हातचं. तोंडानं फटकळ. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या होत्या की बाकी सारं ठीक आहे, पण तुमच्या या कॉम्प्युटरच्या टीव्हीवरची अक्षरं उंदराच्या लेंड्यांएवढी आहेत, आधी ती मोठी करा. मी केली. डबा खायला बोलवायच्या. अंबाडीची भाजी आणि भाकर, वर ठेचा.

एका शिफ्टला एकच रंग निघायचा आणि शिफ्ट संपली की मशीन बंद करायची तिथली रीत होती, म्हणून रोजचं चाललं निभावून. एक दिवस घाईची ऑर्डर आली. ताईंनी करडा रंग काढला आणि मशीन बंद न करता तसाच हिरवा निवडला. पडद्यावर हिरवा आलाही. पण आत एम्युलेटरजवळ करड्याचंच भाषांतर पडून होतं, त्यानं तेच चालवलं, आणि हिरव्यासाठी टाकीत भरलेल्या पिवळ्या बेसमध्ये करड्याचे वाल्व्ह उघडले. झाकण उघडलं तेव्हा आत शेणाच्या रंगाचा राडा होता. आख्खी टाकी वाया.

कारखान्यातल्या सुपरवायझरचा फोन आला. आधी करडा, मग हिरवा, मध्ये मशीन बंद केलं नाही, एवढंच तो बोलला आणि मला फोनवरच सगळं समजलं. शंकेला जागाच नव्हती. गाडी काढून हिंगण्याला जाईपर्यंत माझ्या डोक्यात दुसरंच चालू होतं. काय, विचारा ना! की पोचल्याबरोबर आधी मशीन बंद करून चालू करायचं.

आणि मी तेच केलं. कारखान्याचे साहेब, सुपरवायझर, ताई, सगळे उभे होते. मशीन बंद केलं, चालू केलं, हिरवा निवडला, छोटी टाकी काढून दाखवली. हिरवागार! बंद करून चालू केलं की जुनं भाषांतर पुसलं जातं, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मग मी साहेबांकडे पाहून बोललो —

"सॉफ्टवेअर बरोबर आहे. सिलेक्शन चुकलं असेल."

ताई रडल्या-बिडल्या नाहीत. सरळ माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मी हिरवाच दाबला, सर. वर हिरवाच लिहून होतं. तुमचं मशीन खोटं बोलून राहिलं."

मी वायर गुंडाळत होतो. ती वायर गुंडाळायची काहीएक गरज नव्हती.

साहेबांनी ठेकेदाराला निरोप दिला की उद्यापासून या बाईला पाठवू नका. मी तिथंच होतो. एक वाक्य पुरलं असतं. आमच्या कंपनीला थोडा त्रास झाला असता, माझी बढती लांबली असती — मेलो असतो का? नाही. पण मी भेकड निघालो. नुसता भेकड नाही, हरामखोर निघालो, कारण भेकड माणूस गप्प तरी बसतो, मी तर प्रयोग करून दाखवला. पुढच्या अपडेटमध्ये ती तपासणी गुपचूप घातली आणि वर लिहिलं, किरकोळ सुधारणा. मॅनेजर म्हणाला शाबास. मला बढती मिळाली. चिडचिड व्हायची तेव्हा मी मॅनेजरवर चिडायचो, डेमोची घाई करणाऱ्यांवर, तो जुना प्रोग्राम लिहिणाऱ्यावर. खूप सोयीचा राग होता तो.

आता तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं गप्प होतास, मग आजच काहून पेटलास?

गेल्या आठवड्यात बाबांचा गुडघा दाखवायला धंतोलीत गेलो होतो. दवाखान्याच्या बाकावर ताई दिसल्या, सासूला घेऊन आलेल्या. मी मान वळवणारच होतो, पण त्यांनीच हाक मारली. केस पांढरे झालेत. हिंगणा रोडला एका खानावळीत पोळ्या करतात म्हणाल्या. बाबांची चौकशी केली, त्यांना सरकून जागा दिली. मला वाटलं, आता सुनावतील. सुनावा ना, दोन कानाखाली द्या, मी तयारच होतो. खरं सांगतो, मला तेच हवं होतं.

त्या आवाज खाली करून म्हणाल्या, "सर, त्या दिवशी तुमच्यावर उगाच चिडली मी. मग लय विचार केला. माझाच हात चुकला असन. आताही मले माझा भरोसा नाही वाटत. गॅस बंद केला का, तेही पोरीले दोनदा पाहाले लावते."

त्यांच्या फटकळ तोंडातून हे निघालं. बाकावर बाजूला जागा होती, नंबर यायला वेळ होता, बाबा पेंगत होते. कोणी ऐकणारं नव्हतं आणि माझं आता काही जाणारही नव्हतं.

मी हसलो. म्हणालो, "होतं असं कधी कधी, ताई."