न जुळणारे तळहात

चिकपेटेतल्या एका आडगल्लीत श्रीधरराव चाळीस वर्षं ब्लाउज शिवत होते. गिऱ्हाइकांशी कानडी, घरात मराठी. मधुमेहाला चौदा वर्षं झाली होती, पण दुखत काहीच नसे, म्हणून गोळ्या आठवतील तेव्हा घ्यायच्या आणि तपासणी पुढच्या महिन्यावर ढकलायची.

गेल्या श्रावणात कात्रीच्या कडीतून अंगठा सहज निघेना. मग करंगळी वाकली ती सरळच होईना. बोटांवरची कातडी जाड आणि मेणचट झाली, चिमटीत धरवत नसे.  श्रीधररावांच्या थोरल्या काकांची बोटं अशीच वाकली होती. तो महारोग होता. घरच्यांनी काकांना मागच्या खोलीत वेगळं ताट देऊन ठेवलं होतं, आणि मुलांना तिकडे फिरकू देत नसत.

 श्रीधरराव आपलं ताट आपणच घासून बाजूला ठेवू लागले. दोन वर्षांची नात ईरा धावत आली की काही निमित्त काढून उठत. एके दिवशी तिनं त्यांचं बोट पकडलंच. त्यांनी हात असा हिसकला की पोर पडली. सून रूपश्रीनं तिला उचललं आणि हात दाखवायला सांगितलं.

"मला शिवू नकोस," हात पाठीमागे घेत ते म्हणाले. "काकांसारखं झालंय."

दुसऱ्या दिवशी रूपश्री त्यांना बनशंकरीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. रिक्षात ते अंग चोरून कडेला बसले होते. बाईंनी डोळे मिटायला लावून कापसाच्या तंतूनं बोटं तपासली. प्रत्येक स्पर्श त्यांना कळला. मग नमस्कार करायला सांगितलं. हात जोडले, पण दोन्ही हातांच्या बोटांमध्ये पेन्सिल जाईल एवढी फट राहिली.

"कुष्ठरोग नाही हा. त्यात स्पर्श कळेनासा होतो," बाई म्हणाल्या. "साखर आहे."

त्यांनी सावकाश समजावलं. रक्तातली जादा साखर शरीरातल्या प्रथिनांना चिकटते. कातडी आणि स्नायुबंध ज्या प्रथिनाचे बनतात ते वर्षानुवर्षं टिकतं, त्यामुळे त्याचे धागे एकमेकांना डकवले जाऊन ताठरतात. शरीरातल्या लोह-तांब्याच्या कणांनी ही नासधूस आणखी वाढते. वयोमानानं सगळ्यांचंच थोडं असं होतं. त्यांचं लवकर आणि जास्त झालं होतं.

श्रीधररावांनी खोल श्वास सोडला. मग त्यांचा आवाज पडला. "हातात झालंय, ते डोळ्यांतही होत असेल?"

डोळे आणि मूत्रपिंड, दोन्ही आजच तपासू, एवढंच बाई म्हणाल्या. झालेलं सगळं उलटत नाही, पुढचं मात्र रोखता येतं.

डोळ्यांत थेंब घातल्यावर समोरची सून धुरकट झाली. अर्धा तास ते तिचं मनगट घट्ट धरून बसले. मूत्रपिंडं ठीक निघाली. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर मात्र रक्ताचे ठिपके सापडले.

आता ते इन्शुलिन घेतात, टेबलावर तळहात दाबून व्यायाम करतात. बोटं थोडी मोकळी झाली आहेत. कापड ते कापतात. हूक आणि हातशिलाई पत्नी तुंगाबाई बघतात. रोज सकाळी चहाआधी खिडकीशी उभं राहून, डावा डोळा झाकून, ते एक सुई ओवतात. पहिल्या खेपेत दोरा गेला तर आत हाक मारून चहा मागतात. नाही गेला, तर तुंगाबाई हाक मारेपर्यंत तिथेच उभे असतात.