औंधला आम्ही एकच चित्र पाहिलं

मंडळी, आपल्या वाचनमंडळाच्या फलकावर हे आजच लिहितो, कारण आपली सहलही औंधच्या चित्रसंग्रहालयातच जाणार आहे.

आज मामांना घेऊन तिथे गेलो. ते फौजेत आहेत. रजा संपली, उद्या निघायचं. हातात एकच दुपार होती, म्हणून कोणत्या दालनाला किती वेळ द्यायचा हे मी एसटीतच ठरवलं होतं.

पहिल्याच दालनात मामा एका चित्रासमोर थांबले. वाकळ शिवणारी बाई. ते हलेचनात.

"आवं मामा, चला की. लय दालनं ऱ्हायलीत."

"पोरगी बघाय गेल्यावर घराच्या समद्या खोल्या हिंडतोस व्हय रं?"

"पर समदं बघायचं हुतं न्हवं तुमाला?"

"तिकडं बर्फात समदं कुठलं आठवतंय गड्या. एक नीट घिऊन जातो."

मग मीही शेजारी उभा राहिलो. एसटीची वेळ होईपर्यंत आम्ही तिथेच होतो.

परतताना मामा म्हणाले, "बाई डावरी हाय. बघितलंस?"

मी बघितलं होतं.

सहलीचं वेळापत्रक मीच करणार आहे. एक दुपार, एक चित्र. तुम्ही कोणत्या चित्रासमोर थांबाल?