एका ग्लासाचं गिऱ्हाईक

पनवेलच्या बाजारात आमचं काचसामानाचं दुकान होतं. नाना तिथे वर्षातून तीन-चारदा यायचे आणि चहाचा एक ग्लास मागायचे. फक्त एक. सहाचा सेट फोडायचा म्हटलं की माझ्या वडिलांच्या कपाळावर आठी चढायची. नाना तिकडे लक्ष न देता ग्लास उचलायचे, एक डोळा मिटायचे आणि ग्लासातून भिंतीवरच्या कॅलेंडरची तिथी वाचायचे.

"शेट, तुमची काच हिरवी हाय."

"अहो नाना, चहा पिताना काच कोण बघतो?"

"मला प्यायचा नाय. बगायचा हाय."

"मग आरसा न्या," वडील म्हणायचे. नाना शांतपणे पुढचा ग्लास उचलायचे. चौथा-पाचवा ग्लास पसंत पडला की तो सदऱ्याच्या खिशात टाकून उरणच्या एसटीकडे निघायचे. त्या ग्लासाचं ते पुढे काय करतात, या कुतूहलापोटी एका रविवारी मी त्यांच्यामागोमाग त्यांच्या गावी गेलो. त्या दिवशी नानींच्या हातचं चिंबोऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांचं, कालवण खाल्लं आणि मग कुतूहल संपलं तरी जातच राहिलो.

नानांचं गाव खाडीकाठी. भरतीचं पाणी जितकं चढतं, त्याहून भातशेतं खाली. मधे दीडेक मैलांचा मातीचा बांध. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला भात, असा तो चमत्कार पूर्वजांनी नुसत्या चिखलातून उभा केलेला. त्याची राखण करायला नानांना कोणी नेमलेलं नव्हतं. वडील करायचे म्हणून तेही करत. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती आली की ते बांधाच्या आतल्या पायथ्याने अनवाणी चालत. जिथे पाणी पाझरताना दिसे तिथे बसत, ग्लास भरून घेत, उन्हाकडे धरून एक डोळा मिटत. कुठल्याशा दरबारात हिरा पारखायला बोलावल्यासारखा चेहरा करत.

"पाझर सगल्याच बांदांना असतो," ते मला सांगत. "साफ पाणी आलं तर घाबरू नको. मातीला घाम येतो. पन पाणी गढूळ आलं म्हंजे बांदाची माती आतनं चालली. वरनं काय दिसत नाय. वरनं गवत कसं हिरवंगार असतं."

त्यांचं खरं वैर चिंबोऱ्यांशी. चिंबोरी बांधाला खाडीच्या बाजूने भोक पाडते. नाना म्हणत, "हिला एक दार पुरत नाय. मागचं दार पन लागतं. मागचं दार झालं की आपला धंदा बसला." त्या बिळात हात घालून ते मालकिणीला बाहेर काढत, भोकात पेंढा आणि चिकणमाती कोंबत, टाचेने ठोकून ठोकून बसवत. मालकिणीचं कालवण होई. नाना ते सूड उगवल्यासारखं खात. एकेक नांगी फोडताना "घे, अजून पाड भोक" असं तिला बजावत. शत्रूशी इतकं चविष्ट वैर केलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही.

गावात एक जुना रिवाज होता. बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटून वाट झाली किंवा होणार असं दिसलं, की राखणदाराने गल्लीतून "खांड" अशी हाक द्यायची. हाक ऐकली की घरटी एकाने असेल तसं उठून टोपली घेऊन धावायचं. ओहोटीचे सहा तास हातात. तेवढ्यात बायका-पुरुषांनी खांडीत खांद्याला खांदा लावून दोन रांगा करायच्या आणि त्या माणसांच्या भिंतींमधे चिखल ओतून तुडवायचा. नानांच्या वडिलांनी ही हाक चार-पाच वेळा दिलेली. नानांनी तीस वर्षांत एकदाही नाही. चार माणसांचं काम निघालं तरी ते एकटेच उरकत.

नानी चिडायच्या. "एकदा बोलवा की गावातल्यांना. त्यांची शेतं नाय काय तिथं?"

"कोन तळोज्यास्नं रातपाळी करून आलाय, कोन झोपलाय. कशाला उठवायचा? दोन टोपल्यांचं तर काम हाय."

मला तेव्हा हा त्यांचा मोठेपणा वाटला. मी बाजारात तो रंगवून रंगवून सांगितला.

मग जमिनीला सोन्याचे दिवस आले. शेजारच्या गावाची शेतं भराव टाकून उंच झाली, खाडी अरुंद झाली आणि तिथलं पाणी नानांच्या बांधाला येऊन भिडू लागलं. बांधावरून आधी मोटारसायकली गेल्या, मग नानांच्या पुतण्याचा, हरेशचा, टेम्पो गेला, मग भरावाचे डंपर. पंचायतीने संध्याकाळी फिरणाऱ्यांसाठी वर सिमेंटची बाकं बसवली. नाना सरपंचांकडे गेले. मी सोबत होतो.

"हा रस्ता नाय. बांद हाय."

"नाना," सरपंच प्रेमाने म्हणाले, "रस्ता नाय तर ह्याच्यावरनं गाड्या कशा जातात?"

नाना उठले आणि डंपरला वाट देत बांधावरून घरी गेले.

नंतर एका उधाणाला ग्लासात ढगासारखं पाणी आलं. नानांनी वर फडकं बांधून तो ग्लास तसाच सरकारी कचेरीत नेला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब भले होते. पाण्याकडे बघून म्हणाले, "बाबा, पिण्याच्या पाण्याचा विभाग दुसऱ्या मजल्यावर." नानांनी सगळं समजावून सांगितलं. अर्ज लिहून घेतला गेला, पोच मिळाली, आणि निघताना शिपायाने ग्लास धुऊन, पुसून, लखलखीत करून नानांच्या हातात दिला. कचेरीतून इतकं तत्पर काम झालेलं नानांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. एसटीत बसल्यावर ते म्हणाले, "मानसं वाईट नायत. पन सगल्यांची जमीन उंचावर हाय."

पुढच्या गटारीला मी त्यांच्याकडे जेवायला होतो. आषाढी अमावास्या, उधाण, आणि प्रत्येक घरात सकाळपासून मटण शिजतंय. अख्खं गाव घरी. नाना सकाळी नऊच्या सुमारास बांधावर गेले आणि धावत परत आले. त्यांना धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि तीस वर्षांत पहिल्यांदा हाक दिली. "खांड... खांड..."

लोक दारात आले. नानांच्या कपाळापर्यंत चिखल, सदऱ्याची बटणं तुटलेली, हातवारे चाललेले. कुणीतरी हसलं. "नानांनी पन लावली वाटतं आज." मग सगळेच हसले. आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस, पण गटारीच्या दिवशी हे कुणाला पटणार? ज्या म्हाताऱ्यांना हाक ठाऊक होती त्यातल्या चार बायका टोपल्या घेऊन निघाल्या. नानी निघाल्या. मी निघालो. हरेश पेल्यातलं संपवून हसत म्हणाला, "काका, जेवून घ्या, मग बगू."

आम्ही सातजण चिखल ओतत राहिलो, पण दुपारी बाराच्या भरतीला बांध गेला. आवाज काही झाला नाही. आतल्या बाजूला मनगटाएवढा झरा होता तो मांडीएवढा झाला, मग वरचं सिमेंटचं बाक अलगद बसल्यासारखं खाली गेलं आणि तिथून खाडी आत आली.

ओहोटी लागली तेव्हा मात्र सगळं गाव जमलं. कुणीही नाही म्हणालं नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. पण हे काम त्यांतल्या कुणी केलेलं नव्हतं. उभं कसं राहायचं ठाऊक नाही, कुठली माती घ्यायची ठाऊक नाही. हरेशची नशा उतरली होती. त्याने जीव तोडून चार खेपा मुरूम आणला, आणि मुरूम साखरेसारखा विरघळून गेला. नाना कमरेएवढ्या पाण्यातून सांगत होते, "चिकन माती, चिकन माती", आणि पोरं एकमेकांना विचारत होती, ती कुठं मिळते. चार म्हाताऱ्या, नानी, नाना आणि मी, अशी आमची एक तोकडी रांग झाली. दुसऱ्या रांगेत उतरलेली पोरं प्रत्येक लाटेला मागे सरत होती. अंधार पडायच्या आत पाणी फिरलं. मग नानांनीच सगळ्यांना वर बोलावलं.

काठावर बसून ते मला म्हणाले, "चूक माजी हाय. मी यांना एकदापन खांड दाखवली नाय."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागलो. त्यांनी मान हलवली. ते खरं होतं, आणि ज्याला मी मोठेपणा म्हणून बाजारभर मिरवलं होतं तो हाच होता.

पुढे पंचनामा झाला. प्रत्येक उधाणाला खांड रुंदावत गेली. जमीन तशीही विकली जायचीच होती, असं लोक म्हणू लागले. भाताच्या जागी मिठाचा पांढरा थर आला, मग नुसतं पाणी राहिलं.

थंडीत मी शेवटचा गेलो. नाना ओसरीवर बसून होते. बांधावर जाणं त्यांनी सोडलं होतं. अमावास्या कधी आहे हेही त्यांना सांगता आलं नाही. तेवढ्यात हरेश आला. हातभर लांबीचा जिताडा मासा त्याने नानांपुढे ठेवला. खाडीकाठच्या माणसाला याहून मोठी भेट देता येत नाही.

"कुठं गावला?" नानांनी विचारलं.

हरेश खाली बघत म्हणाला, "तुमच्याच मोठ्या शेतात, काका. आंब्याच्या खुंटापाशी."

"ओहोटीला?"

"ओहोटीला."

नानांनी जिताड्यावरून तळहात फिरवला, डोक्यापासून शेपटीपर्यंत, हळूहळू. "एवढा मासा राहतो म्हंजे ओहोटीलापन पुरुषभर पाणी हाय," ते म्हणाले. "आता ते परत जायचं नाय."

मग त्यांनी नानींना हाक मारली. "धाकले शेट आलेत. ह्याचं कालवन कर. ताजा हाय, आपल्या शेतातला हाय."