कापून दाखवलेलं कलिंगड

बीडला पालीच्या रस्त्यावर एक चाचा हातगाड्यावर कलिंगडं विकायचे. नाव मी कधी विचारलं नाही. न कापता नेलं तर तीस रुपये, आणि त्रिकोणी चीर काढून आतला लाल गर दाखवला तर चाळीस. गिऱ्हाईक मोटरसायकलवरून उतरायच्या आतच, सुरी उचलायची की नाही, ते चाचा ठरवून टाकत. मला बघून नेहमी उचलत.

मी आठवीत शाळा सोडून चंद्रपूरहून इथं टायरच्या दुकानात आलेलो. घरावर पत्रे टाकायला आठ हजार साठवले होते. खोलीतला सोबती मागं लागला, गाभण शेळी दोघांत निम्मे-निम्मे पैसे घालून घेऊ, पैसे दुप्पट होतील. मला काही सुचेना, म्हणून चाचांनाच विचारलं.

ते म्हणाले, "शेळीला चीर पाडून कोन दाखवनार तुमाला?"

"तुम्ही घेतली असती का, चाचा?"

"मी तर वेलाला नुसतं फूल बघून कलिंगडाचं आख्खं रान घेतो. पर मला झोप लई लागती. तुमाला लागंल का?"

मी शेळीत पैसे घातले नाहीत, सोबत्यानं उसनवारी करून एकट्यानंच घेतली. तिला तीन करडं झाली आणि सोबती अजून चिडवतो. चाचांनी फुलावर घेतलेलं रान मात्र त्याच साली गारपिटीनं गेलं. भर दुपारी विचारपूस करायला गेलो, तर ते रिकाम्या गाड्याखाली खुशाल घोरत होते. माझे आठ हजार बँकेत सुखरूप होते, तरी त्या सकाळी मी दोनदा पासबुक उघडून बघितलं होतं.

त्यांचे उपकार मानायचे होते, पण उठवायचा धीर होईना. मग शेजारी बसून तासभर त्यांच्या तोंडावरच्या माश्या हाकलल्या.